पेटी आणि मागचा आरसा

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मास्टरनी सलूनचं शटर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि वाकून आत शिरले. पूर्ण उघडलं असतं तर कुणीतरी दाढीला येऊन बसलं असतं. सोमवारी दुकान बंद असतं हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे, तरी विसरणारा एक जण दर सोमवारी निघतोच.

आत त्यांनी दिवा लावला आणि कापडी पिशवी भरायला घेतली. केस कापायचं मशीन, त्यावर बसणारा दोन नंबरचा कंगवा, तेलाची बाटली, एक कात्री, गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचे जुने कपडे. नवे कपडे खुंटीवरच राहिले. पावडरचा मऊ ब्रश, पाण्याचा फवारा आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचा गोल आरसाही जागच्या जागी राहिला. पिशवीत जागा नव्हती असं नाही. ही पिशवी वर्षानुवर्षं अशीच भरली जाते, आणि एकदा भरलेल्या पिशवीचा फेरविचार करणाऱ्यांपैकी मास्टर नाहीत.

आज पिशवीबरोबर आणखी एक वस्तू न्यायची होती. ती उचलायला त्यांनी मुलीला बोलावलं होतं.

"आलीस का? ये आत. डोकं सांभाळ."

मुलगी आत आली. डोकं आपटलंच.

"सांगितलं होतं ना?"

"सांगण्यापेक्षा शटर वर केलं असतं तर, बाबा?"

ती वस्तू म्हणजे लाकडी पेटी. सलूनमध्ये पाऊल टाकलं की आरशाखाली पहिली तीच दिसते. जाड फळ्यांची, वरची बाजू पायांनी घासून गुळगुळीत झालेली. मास्टर सात वर्षांचे असताना वडिलांच्या सलूनमध्ये कामाला लागले. गिऱ्हाइकाच्या गालापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून वडिलांनी ही पेटी ठोकून दिली. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर तिच्यावर उभं राहून मास्टर गालांना साबण लावायचे. बरोबरीची मुलं चेंडू घेऊन दारावरून जायची तेव्हा यांच्या हातात ब्रश असायचा. एकदा त्या चेंडूकडे बघण्याच्या नादात साबण गिऱ्हाइकाच्या नाकात गेला. वडिलांनी मुलाच्या कानाखाली वाजवली, आणि त्याच दमात गिऱ्हाइकाला विचारलं, "मिशी ठेवायची ना?"

पुढे एका खुर्चीच्या तीन झाल्या, भाड्याचं दुकान मालकीचं झालं. पेटीची गोष्ट मास्टर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. साबणापर्यंत येईस्तोवर अर्धी दाढी झालेली असते आणि कानाखाली वाजते तिथे वस्तरा बरोबर गळ्यावर असतो, त्यामुळे मध्ये कुणी बोलत नाही.

या गोष्टीचं यंदा चीज व्हायचं होतं. शहराच्या व्यापारी मंडळाने सत्कारासाठी मास्टरचं नाव काढलं होतं: 'कष्टातून वर आले, पण समाजाला विसरले नाहीत.' समाजाला न विसरणं म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वृद्धाश्रमातल्या पुरुषांची फुकट कटिंग. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, आज दहा वाजता फोटोग्राफर घेऊन ते काम बघायला येणार होते. ते बघून मग नाव पक्कं व्हायचं होतं. मास्टरनी मात्र वाट न बघता सगळ्यांना सांगून टाकलं होतं. गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, आणि ज्या मेव्हण्याशी कित्येक वर्षं बोलणं बंद होतं त्यालाही. त्याला तर फोन करून एवढं एकच वाक्य सांगितलं आणि पुन्हा बोलणं बंद केलं. सत्कार न होणं आता मास्टरना परवडणारं नव्हतं.

मुलगी बरोबर होती त्याला कारण आदल्या दिवशीचं जेवण. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, यश हे केवळ कष्टाचं फळ असतं.

"बाबा, तुमची गोष्ट वापरणार आहे मी."

मास्टर खूश झाले. "वापर की. पेटीपासून सुरू कर."

"पेटीपासूनच. फक्त मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे."

मास्टरचा घास हातातच राहिला.

"पेटी कुणी केली होती?" मुलीने विचारलं.

"माझ्या बापाने."

"दुकान कुणाचं?"

"बापाचं."

"गिऱ्हाइकं?"

"बापाचीच. पण..."

"आणि पहिली कात्री?"

"ती आजोबांची," मास्टर म्हणून गेले, आणि आपण एकेक पायरी उतरत खड्ड्यात आलोय हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"याला प्रिव्हिलेज म्हणतात, बाबा. शर्यत सुरू व्हायच्या आधीच तुम्ही चार पावलं पुढे उभे होता."

"पुढे? कानाखाली खाल्ली मी त्या पुढे उभं राहण्यापायी!"

"ज्याच्या बापाचं दुकानच नव्हतं त्याने काय केलं असेल?"

"चेंडू खेळला तो! मी बघितलंय ना डोळ्यांनी!"

"अहो, जेवून भांडा," मास्टरची बायको म्हणाली. "आणि काय गं, तुझ्या कॉलेजची फी कुणाच्या बापाने भरली, तेही सांग भाषणात."

"ते आहे. शेवटच्या मुद्द्यात."

"शेवटी कशाला? आधी सांग. शेवटी सगळे उठून गेलेले असतात."

मास्टर हात धुवायला उठले. नळ चालू ठेवून म्हणाले, "उद्या चल माझ्याबरोबर. घेणं काय नि देणं काय, डोळ्यांनी बघ, मग बोल."

म्हणून ही वरात. स्कूटरवर पुढे मास्टर, मागे मुलगी आणि दोघांच्या मध्ये पेटी. वादाला जागाच उरली नव्हती.

वृद्धाश्रम शहराच्या टोकाला आहे. दुमजली इमारत, पुढे लांब व्हरांडा. खांबापाशी लोखंडी खुर्ची आणि भिंतीलगत बाक, एवढी इथल्या सलूनची मांडणी. मास्टर खुर्चीत माणूस बसवतात, मशीन कपाळापासून मानेपर्यंत फिरवतात, कपडा झटकतात, "पुढचा" म्हणतात. दुकानात ते अखंड बोलतात, इथे अवाक्षर काढत नाहीत. गप्पा मारणं हा धंदा, ही सेवा, आणि सेवा गप्प बसून करावी अशी त्यांची प्रामाणिक समजूत. आश्रमातले लोक या कार्यक्रमाला 'भादरणी' म्हणतात. हे मास्टरना माहीत नव्हतं.

आज बाक रिकामा होता.

आश्रमाच्या व्यवस्थापक बाई पदर सारखा करत पुढे आल्या. "या मास्टर. आज जरा... एकाला ताप आहे."

"आणि बाकीचे?"

"आंघोळीला गेलेत."

"सगळे?"

"आज पाणी लवकर आलं ना."

खिडक्यांमधून डोकी दिसत होती. आंघोळ झालेली नव्हती आणि केस चांगले वाढले होते. मागच्या दोन-तीन महिन्यांतही काही डोकी कमी भरत होती, तेव्हा मास्टरनी थंडीला जबाबदार धरलं होतं. आता तर उकाडा होता.

तेवढ्यात एक उंच म्हातारे गृहस्थ बाहेर आले. बसचे निवृत्त ड्रायव्हर. केस कानांवर आलेले, पाणी लावून नीट बसवलेले. ते बाकावर बसले, खुर्चीवर नाही.

"मास्टर, राग मानू नका. आम्ही ठरवलंय. भादरून घ्यायचं नाही."

"भादरून?" मास्टरनी मुलीकडे पाहिलं. तिने पेटीकडे पाहिलं. "काका, सात वर्षांचा असल्यापासून या पेटीवर उभा राहून मी..."

"ऐकलंय. बाईंनी सांगितलं. वाईट वाटलं. पण डोकं आमचं आहे."

"फुकट करतोय हो मी! सुट्टीच्या दिवशी! लहानपणापासून सुट्टी म्हणून माहीत नाही मला!"

"मी सहाव्या वर्षी विटा वाहिल्या," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

"मी पाचव्या वर्षी गुरांमागे जायचो," दुसऱ्या खिडकीतून आवाज आला.

"माझी आई मी पोटात असताना खडी फोडत होती."

"पोटातलं धरत नाहीत," ड्रायव्हरनी निकाल दिला.

मग दारातून एक नाजूक गृहस्थ आले. आश्रमात त्यांना बंगलेवाले म्हणतात. "मी काहीच कष्ट केले नाहीत," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? लहानपणी केस कापायला माणूस बंगल्यावर यायचा. मला विचारायचा, छोटे साहेब, कसे ठेवू? नंतर बंगला गेला, त्याची गोष्ट वेगळी. पण हे विटावाले आणि मी, आमच्या डोक्यांवर आता मशीन एकच फिरतं. न विचारता."

मुलीला राहवलं नाही. "बघा बाबा! म्हणजे प्रिव्हिलेज हे..."

"बाळ, एक मिनिट," ड्रायव्हर म्हणाले. "तुझे बाबा आम्हाला पुण्य म्हणून धरतात आणि तू उदाहरण म्हणून. केस कुणीच कापत नाहीये."

मुलगी गप्प बसली. घरी हे कुणाला जमलेलं नाही.

याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. हार्डवेअरवाले अध्यक्ष उतरले. उंचीने कमी, आवाजाने नाही. "वा, वा! चालू द्या, आमच्यासाठी थांबू नका! रांग कुठाय?"

"आंघोळीला," मास्टर म्हणाले.

बाईंनी प्रसंग ओळखून आश्रमाच्या स्वयंपाक्याला पुढे ढकललं. "हा बसेल. फोटोत काय कळतंय?"

"माझे वाढलेतच," स्वयंपाकी म्हणाला आणि आनंदाने खुर्चीत बसला. वय तिशीचं, केस दाट. फोटोग्राफरने त्याला डोळे बारीक करून जरा म्हातारं दिसायला सांगितलं. मास्टरनी त्याच्या अंगावर कपडा टाकला, गाठ मारली आणि एका बाजूने मशीन फिरवायला सुरुवात केली. आता फक्त फोटो निघायचा बाकी होता.

"गेल्या आठवड्यात मी बँकेत गेलो होतो," ड्रायव्हर बाकावरून म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण गाडीच्या इंजिनवर बोलायची सवय असलेला तो आवाज होता. "परत येताना तुमच्या दुकानाच्या काचेबाहेर उभा राहिलो. तुम्ही एकाचे केस कापत होतात. केवढे बोलत होतात! मला वाटलं, हे मास्टर नव्हेतच, त्यांचे भाऊ असतील. मग तुम्ही त्याच्या मागे गोल आरसा धरलात. त्याने मान हलवली, नाही म्हणून. तुम्ही परत कात्री घेतलीत. परत आरसा. परत नाही. तुम्ही हसून तिसऱ्यांदा कापलेत."

"त्याला मागे भोवरा आहे," मास्टर म्हणाले. मशीन त्यांच्या हातात घुरघुरत होतं. "भोवऱ्यावरचे केस उभे राहतात. सांभाळून कापावे लागतात."

"मलाही आहे."

"तुम्हाला नाही."

"बघा."

मास्टरनी मशीन बंद केलं. बाकामागे गेले, ड्रायव्हरच्या वाढलेल्या केसांत बोटं घातली आणि थांबले. केस बाजूला सारून पुन्हा पाहिलं.

"दोन आहेत," ते म्हणाले.

हे डोकं इतकी वर्षं दर महिन्याला त्यांच्या हाताखालून जात होतं. दोन भोवऱ्यांची डोकी धंद्यात मोजकी भेटतात आणि अशी डोकी मास्टर विसरत नाहीत. पाच वर्षांनी आलेल्या गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, पण भोवरा आठवतो, असं ते दुकानात छातीठोक सांगतात. मशीनखाली मात्र सगळीच डोकी सपाट दिसतात. सत्काराचं काय व्हायचं ते होवो, पण आपल्याला हे दिसलं नाही ही गोष्ट त्यांना मुलीसमोर जास्त लागली.

ते खुर्चीपाशी आले आणि स्वयंपाक्याच्या गळ्याची गाठ सोडली. "ऊठ."

"पण एका बाजूने..."

"उद्या ये दुकानात." मग मुलीला म्हणाले, "मशीन ठेव पिशवीत. कात्री दे." आणि अध्यक्षांकडे वळले, "साहेब, तुमच्या दुकानात आरसे असतील ना?"

"बाथरूमचे आहेत. का?"

"एक लागेल. आत्ता."

सत्कार करायला आलेला माणूस सामान आणायला गाडी वळवतो असं सहसा घडत नाही. पण आवाज गळ्यावर वस्तरा असतानाचा होता आणि अध्यक्ष मास्टरचे जुने गिऱ्हाईक. ते गेले.

तोवर ड्रायव्हर खुर्चीत बसले. मास्टरनी खाकरून विचारलं, "काका, कसे ठेवू?"

ड्रायव्हरनी केसांवरून हात फिरवला. बरीच लढाई करून जिंकलेला प्रश्न समोर आल्यावर उत्तर तयार नव्हतं. खिडक्यांमधून सूचना आल्या. कुणी म्हणालं मागे बारीक, कुणी म्हणालं भांग डावीकडे.

"तुमची पाळी आल्यावर बोला," ड्रायव्हरनी सुनावलं, खिशातून जुनं लायसन्स काढलं आणि त्यावरचा फोटो दाखवला. "असे."

मास्टरनी फोटो उजेडात धरला. काळेभोर, दाट, मागे वळवलेले केस होते.

"काका, यातले निम्मे केस आता नाहीत."

"जे आहेत ते असे ठेवा."

मास्टर कामाला लागले आणि थोड्या वेळाने, बहुधा नकळत, बोलायला लागले. पेटीची गोष्ट साबणापर्यंत आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, "चेंडू कुणाचा होता?" आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. गळ्यावर वस्तरा नसल्याचा परिणाम.

"समोरच्या शिंप्याच्या मुलाचा," मास्टर म्हणाले. कात्री थोडी थांबली. "तोही नंतर बापाच्या शिलाई मशीनवरच बसला. चेंडू महिनाभरच टिकला त्यांचा."

मुलीने मान खाली घातली. हा चेंडू भाषणात उदाहरण म्हणून घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं.

अध्यक्ष आरसा घेऊन आले. आयताकृती, जड, कोपऱ्याला किमतीचं लेबल. बाईंनी पर्समधला छोटा आरसा ड्रायव्हरच्या हातात दिला. मोठा मागे धरायचा होता. मास्टरच्या हातात कात्री, मुलीच्या हातात कपडा, म्हणून धरायचं काम अध्यक्षांकडे आलं. पण ड्रायव्हर बसूनही उंच होते आणि अध्यक्षांच्या हातातल्या आरशात त्यांना फक्त स्वतःची पाठ दिसत होती.

"वर घ्या," ड्रायव्हर म्हणाले.

"याच्या वर मी संपतो," अध्यक्ष म्हणाले.

मास्टरनी पायाने पेटी सरकवली. "चढा."

अध्यक्ष पेटीवर चढले. फोटोग्राफरने त्याच क्षणी बटण दाबलं. व्यापारी मंडळाच्या दप्तरी जो फोटो जाणार आहे त्यात ती सुप्रसिद्ध पेटी स्पष्ट आहे, तिच्यावर अध्यक्ष आहेत, आणि मास्टरचं आरशाआडून बाहेर आलेलं एक कोपर आहे.

"मास्टर दिसत नाहीयेत," फोटोग्राफर म्हणाला. "परत घेऊ."

"थांब रे," ड्रायव्हर म्हणाले. "मी दिसतोय मला." त्यांनी छोटा आरसा इकडे केला, तिकडे केला. खिडक्यांमधली डोकी बाहेर आली. मग त्यांनी सावकाश मान हलवली, नाही म्हणून.

मास्टरनी पुन्हा कात्री घेतली.

दरवेळी दुपारच्या आत सगळा आश्रम उरकायचा. आज जेवणाची घंटा झाली तेव्हा तीन डोकी झाली होती. ड्रायव्हर, विटावाले आणि बंगलेवाले. बंगलेवाल्यांनी सगळ्यात कमी वेळ घेतला. "कसे ठेवू?" विचारल्यावर लगेच उत्तर देणारे ते एकटेच होते.

अध्यक्ष खांदे चोळत पेटीवरून उतरले. "सत्कार पक्का, मास्टर. पण मला परत आरसा धरायला बोलावू नका. आणि मजकूर काय ठेवू? 'कष्टातून वर आले'?"

"'पेटी वडिलांची' असं खाली लिहा," मुलगी म्हणाली.

मास्टरनी तिच्याकडे पाहिलं. "लिहा. पण 'उभा मी राहिलो' ते वर लिहा. मोठ्या अक्षरात."

"मान्य," मुलगी म्हणाली.

"आरसा मात्र दुकानात परत न्यावा लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"देऊन टाका की. दान," ड्रायव्हर म्हणाले. "फक्त टांगताना उंची आम्हाला विचारा."

उरलेल्यांचं काय, हा प्रश्न होता. पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. मास्टरनी कात्री पुसत तोडगा काढला. दुकानात या, तिथेही फुकटच. पण दुकान म्हणजे दुकान, नंबर लावून बसावं लागेल, वशिला चालणार नाही.

"बसू," खिडकीतून आवाज आला. "पेपर असतो ना?"

"असतो."

"मग झालं तर."

उद्या मंगळवार. दुकान सात वाजता उघडेल. आश्रमाची पहिली चार माणसं साडेसातच्या बसने येणार आहेत, आणि एका बाजूने कापलेला स्वयंपाकी त्यांच्याही आधी. ड्रायव्हरची कटिंग झालेली असली तरी तेही त्याच बसने येणार आहेत. उजवा कल्ला डाव्यापेक्षा आखूड झालाय, अशी त्यांची तक्रार आहे.